पोर्तुगालातली विहीर

यंदा पुन्हा माळावर खुंट्या ठोकायला सुरुवात झाली आहे. सकाळी फिरायला गेलो, तर चौसाळ्याच्या रस्त्याकडेला चुन्याच्या रेघा मारलेल्या दिसल्या आणि दोन गडी घणानं लोखंडी खुंट्या जमिनीत घालत होते. जमीन इतकी वाळलेली, की घाव बसला की खुंटी आत जायच्या ऐवजी वर उसळायची. "छावणी का?" मी विचारलं. उत्तर ठाऊक असताना प्रश्न विचारणं हा म्हातारपणाचा एक छंद आहे. "व्हय जी, संस्थेची," त्यातला एकजण म्हणाला आणि त्यानं पुन्हा घण उचलला. मी पुढं न जाता तिथूनच घरी वळलो. त्या माळावर मी एक अख्खा उन्हाळा काढला आहे आणि त्याच उन्हाळ्यात मी माझ्या लेकीशी खोटं बोललो आहे. खुंट्यांचा आवाज घरापर्यंत येतो. दुपारची झोप लागत नाही ती त्यामुळंच, असं मी सुमनला, म्हणजे माझ्या बायकोला, सांगून ठेवलं आहे.

लोक म्हणतात, दुष्काळ डोळ्यांना दिसतो. मला तो नाकानं आठवतो. त्या उन्हाळ्याचा वास उसाचा होता. माजलगावकडून ट्रक भरून ऊस यायचा. कारखान्यात जायचा तो ऊस गुरांच्या दावणीत पडायचा, कारण वैरण नावाची चीज जिल्ह्यात उरली नव्हती. कांड्या तोडल्या की तासाभरात उन्हानं त्या आंबायच्या. मग शेण, आंबलेला रस आणि तापलेलं बारदान असा मिळून एक गोडसर, मळमळता वास माळभर बसायचा. गुरांना ऊस आवडतो हा शहरी समज आहे. पहिले आठ दिवस आवडतो. नंतर त्यांच्या जिभा सोलतात, तोंडाला फेस येतो आणि ती मान फिरवून उभी राहतात. बाराशे जनावरं आणि त्यांच्यामागं आलेली माणसं, सगळ्यांचा संसार बारदानाच्या सावलीत. गावात फक्त कुलपं आणि देवळातला पुजारी राहिलेला.

मी तेव्हा गावच्या दूध संस्थेचा सेक्रेटरी. संस्था दुधाची, पण त्या वर्षी दूध कुठलं? आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार. म्हणून संस्थेनं छावणी चालवायला घेतली आणि मी किटल्या मोजायचं सोडून शेपट्या मोजायला लागलो. सकाळी दावणीमागून दावण फिरायचं, कुणाची गाय बसली, कुणाची उठत नाही ते बघायचं, आणि चार वाजता टँकरची वाट बघायची. टँकर आमच्या आधी गुरांना कळायचा. मैलभर लांब असला तरी बाराशे जनावरांचे कान एकदम उभे राहायचे. एखाद्या दिवशी कान उभे राहायचे नाहीत. चार वाजायचे, साडेचार वाजायचे, माणसं आपसात बोलायची बंद व्हायची. त्या शांततेइतकं भीतिदायक मी दुसरं काही ऐकलेलं नाही.

सेक्रेटरीपणाखेरीज माझी आणखी एक ओळख पंचक्रोशीत होती. मला विहीर कळते. माझे वडील विहिरी बांधायचे, त्यांच्या हाताखाली मी लहानपणी दगड दिले. कुणाला जमीन घ्यायची झाली, की लोक आधी मला विहिरीवर न्यायचे. मी काठावर वाकून बघायचो आणि सांगायचो. मी 'टिकेल' म्हणालो तर व्यवहार व्हायचा, 'नाही' म्हणालो तर मोडायचा. ह्यात जादू काही नाही. विहिरीच्या भिंतीवर सगळं लिहिलेलं असतं, वाचायची सवय पाहिजे. नेचा कुठपर्यंत उगवलाय, शेवाळाची रेघ कुठं आहे, आणि सगळ्यात खरी साक्ष पारव्यांची. उन्हाळ्यात पाणी खाली गेलं, की खालच्या कपारी उघड्या पडतात आणि पारवे खाली उतरून घरटी करतात. ज्या विहिरीत घरटी फक्त वरच्या अंगाला असतात, तिथं पाणी कधी खाली जातच नाही. पारवा कुणाचा भाऊबंद नसतो, त्यामुळं तो खोटी साक्ष देत नाही.

आमच्याकडं एक रीत आहे. पाणी विचारणाऱ्याला खोटं सांगायचं नाही. बाकी आम्ही काही हरिश्चंद्राची अवलाद नाही. बांधावरून, वाटणीवरून, निवडणुकीवरून आम्ही गंगेत उभं राहून खोटं बोलू. पण कुणी विचारलं की इथं पाणी लागेल का, तर वैऱ्यालाही खरं सांगायचं. माझे वडील आणि त्यांचा चुलतभाऊ अकरा वर्षं एकमेकांशी बोलत नव्हते. तो चुलता एक दिवस दारात येऊन नुसता उभा राहिला. वडील उठले, त्याच्या रानात गेले, पायानं एका जागी रेघ ओढली आणि घरी येऊन जेवायला बसले. पुढं त्या जागी विहीर झाली, तिला पाणी लागलं, आणि अबोला आणखी चार वर्षं चालला. हे मी पाहिलेलं आहे, म्हणून माझ्या खोट्याला दुसरं कुठलं नाव देता येत नाही.

आता ज्योतीबद्दल. ती आमची एकुलती एक लेक. मातीतले जंतू बघायचं शिकली आणि ते बघता बघता पोर्तुगालात गेली. सहा वर्षं झाली होती तिला तिकडं. त्या उन्हाळ्यात तिची तिथली मुदत संपत आली होती आणि परभणीला विद्यापीठात एक जागा निघाली होती. जाहिरातीचं कात्रण मी स्वतः फोटो काढून तिला पाठवलं होतं. "बघते," ती म्हणाली होती. त्या 'बघते'वर मी चार महिने काढले. सुमन तर माळ्यावरची पितळेची भांडी काढून घासून बसली होती. ज्योती परत येणार की नाही, एवढा एकच प्रश्न आमच्या घरात होता आणि तो आम्ही कधी उच्चारत नव्हतो.

अशात एका दुपारी, टँकरची वाट बघत असताना, तिचा व्हिडिओ फोन आला. "आण्णा, तुम्हाला एक घर दाखवायचंय."

घर कसलं, एका ओसाड गावातलं शेतघर. चुन्यानं पांढरं रंगवलेलं, खाली निळा पट्टा, कौलं अर्धी ढासळलेली, भोवती रान माजलेलं. मालक म्हातारा होऊन मेलेला, पोरं शहरात, घर विकायला काढलेलं. तिकडं अशी गावंच्या गावं रिकामी पडली आहेत म्हणे. ही ते घर घेणार, दुरुस्त करणार, पुढच्या चार एकरांत जैतुनाची जुनी झाडं आहेत ती राखणार. माझ्या डाव्या हाताला माझं स्वतःचं गाव रिकामं पडलेलं होतं, आणि माझी लेक दुसऱ्यांचं रिकामं गाव भरायला निघाली होती. दुष्काळात तेरावा महिना म्हणतात तो हाच.

छावणीत खाजगी काही नसतं. फोनवर परमुलुख दिसतोय म्हटल्यावर माझ्या मागं वीसेक माणसं जमली. उंटावरून शेळ्या हाकायला आमच्या लोकांना कधी नको असतं. पुढचे तीन-चार दिवस रोज चारच्या सुमाराला त्या घराची तपासणी चालली. "ज्योतीबाई, तुळईवर टिचकी मारून दावा की, वाळवी हाय का कळंल," एकजण म्हणायचा. ती तिकडं टिचकी मारायची. "दार कुन्या तोंडाला हाय?" "चूल कुठं मांडनार?" एका बाईनं गोठ्याचं विचारलं. ज्योतीनं फोन फिरवला तर घराच्या आतच, खालच्या खोलीत, दगडी गव्हाण. "म्हंजे जित्राबं घरात आन् मान्सं वरच्या माळ्याला!" ती बाई खूश होऊन म्हणाली, "लई शानी मान्सं व्हती बगा." सगळ्यांनी माना डोलावल्या. पोर्तुगालच्या लोकांना आमच्या माळावर त्या दिवशी प्रशस्तिपत्र मिळालं. मी मात्र आतून आवळत चाललो होतो. कारण घर चांगलं होतं. घर पाहावं बांधून म्हणतात, पण हे बांधलेलं पाहूनही कळत होतं की पाया सरळ आहे, भिंती हातभर जाड आहेत आणि उतार बरोबर राखलेला आहे.

बुधवारी तिनं शेवटची गोष्ट दाखवली. विहीर. घराच्या मागं अंजिराच्या झाडाखाली, गोल, दगडी काठाची. "आण्णा, शुक्रवारी सही करायचीय. इथला तपासनीस म्हणतो सगळं ठीक आहे, पण त्याचं राहू द्या. तुम्ही हो म्हणालात तरच करते." आणि तिनं काठावर वाकून फोन आत धरला.

माझ्या शेजारी तेव्हा सोनाजी आप्पा बसलेले होते. मूळचे उमापूरकडचे, हयातभर विहिरी खोदलेला माणूस, आता लेकीच्या गावात राहत होते आणि दोन म्हाताऱ्या बैलांमागं छावणीत आले होते. आम्ही दोघांनी मिळून त्या फोनमध्ये डोकावून पाहिलं. दगडावर दोराच्या खाचा बोटभर खोल. पाणी दोन पुरुषांवर, काळंभोर, हलतं. नेचा पाण्याच्या अगदी वर वीतभर. आणि घरटी सगळी वरच्या अंगाला, काठाच्या खाली लगेच. त्याखालची भिंत कोरी, एकही पांढरा ओघळ नाही. तिथले पारवे पिढ्यान् पिढ्या कधी खाली उतरलेलेच नव्हते.

"पानी हाय," सोनाजी आप्पा हळूच म्हणाले. "लई हाय."

त्याच क्षणी मला कळलं, की आता माझ्या एका शब्दावर सगळं आहे. हो म्हटलं तर ती तिथली झाली. चार एकर, झाडं, विहीर, घर. अशी विहीर सोडून माणूस परत कशाला येईल? मी तरी आलो असतो का? मागं गुरं उभी होती. टँकर आलेला नव्हता. 

"ज्योती," मी म्हणालो, "हे वरचं पाणी आहे बाई. तुमच्याकडं पावसाळा हिवाळ्यात असतो ना? आत्ताच सरलाय, म्हणून दिसतंय. ऑगस्टात ह्यात बादली बुडायची नाही. घेऊ नको."

खोटं बोलायचं तर त्यात खरं किती मिसळायचं, ह्याचा मला अजिबात सराव नव्हता, तरी ते पहिल्या फटक्यात जमलं. फोन अजून विहिरीतच धरलेला होता, त्यामुळं मला तिचा चेहरा दिसत नव्हता, नुसतं काळं पाणी दिसत होतं. मग तिनं विचारलं, "नक्की, आण्णा?"

"नक्की."

फोन बंद झाला. मागची माणसं पांगली. सेक्रेटरीच्या शब्दापुढं विहिरीबाबत कोण बोलणार? सोनाजी आप्पा मात्र उठले नाहीत. त्यांनी तंबाखू मळली, तोंडात टाकली आणि माझ्याकडं न बघता म्हणाले, "शेक्रेटरी, लेकीनं पानी इचारलं. खोटं कावून सांगितलं?"

"तुमाला काय कळतंय आप्पा? तिकडची माती येगळी."

"माती येगळी आसंल. पारवे तेच हायेत की." ते गुडघ्यावर हात टेकून उठले. "मी काय कुनाला बोलनार न्हाई. पन हे बरं न्हाई केलं."

त्या दिवशी टँकर आला नाही. मी देवभोळा माणूस नाही, पण बाराशे जनावरं हंबरायला लागली तेव्हा मला वाटलं, हे माझ्यामुळं झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी दोन टँकर एकदम आले, म्हणजे त्याचा माझ्याशी काही संबंध नव्हता. तरी रात्रभर मी तो जोडलाच होता. गुरुवार गेला. शुक्रवारी मी फोन खिशातून काढून हातातच धरून फिरलो. कांड्यांच्या ढिगावरून, हौदाच्या कडेनं, दावणीमागून दावण. एका बाईची म्हैस बसली होती, तिला उठवायला चौघं लागले, आणि पाचवा मी, एका हातात फोन. चार वाजता तिचा निरोप आला. 'नाही घेतलं, आण्णा.' तीन शब्द. मला आनंद झाला. तो लपवायला मी हौदावर जाऊन तोंड धुतलं, त्या दुष्काळात, दोन तांबे पाणी घेऊन.

आणि दहाव्या दिवशी ज्योती छावणीत येऊन उभी राहिली. कळवलं नाही, सवरलं नाही. बीडहून रिक्षा करून थेट माळावर. त्या उन्हात, त्या वासात, पाठीवर बॅग. मला वाटलं, मी जिंकलो. घर गेलं, मन उठलं, पोरगी परत आली. परभणीच्या जागेचं विचारायला जीभ शिवशिवत होती, पण म्हटलं घाई नको, स्वतःच काढेल विषय.

तिनं विषय काढला तो भलताच. दुसऱ्या दिवशी आईला घेऊन बीडला गेली. रक्त, छाती, पोट, सगळं तपासून आणलं. सुमन कुरकुरत राहिली, मला काही झालेलं नाही म्हणून. मग माझी पाळी. डोळे तपासले, साखर तपासली, माझ्या गोळ्यांच्या पुड्या उघडून नावं वाचली. छावणीत कुणाकुणाशी बोलत बसायची. एकदा तर मी तिला सोनाजी आप्पांना विचारताना ऐकलं, "आप्पा, खरं सांगा, आण्णांना काही झालंय का?" पण आप्पांनी शब्द पाळला. "न्हाई बाई. ताठ हाय तुजा बाप," एवढंच म्हणाले. मी मनात हसलो. परदेशात राहिलं की माणसाला आजाराचं वेड लागतं, असं मी सुमनला सांगितलंही. आठ दिवस तिनं घराची, माणसांची, माझ्या चेहऱ्याची झडती घेतली. नवव्या दिवशी ती परत गेली. परभणीचं नाव तिनं काढलं नाही. मीही काढलं नाही. रिक्षात बसताना तिनं माझ्याकडं असं पाहिलं, की मला परवापर्यंत त्या नजरेचा अर्थ लावता आला नव्हता.

पुढं पाऊस झाला. छावणी उठली, गुरं गावात गेली. सोनाजी आप्पांचा एक बैल परतला, एक माळावरच राहिला. पुढच्या वर्षी आप्पाही गेले. परभणीच्या जागेवर कुणी दुसरं लागलं. ज्योतीला तिकडंच मुदत वाढवून मिळाली आणि ती शहरातल्या तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत राहत राहिली. फोन यायचे, दर आठवड्याला, वेळ पाळून. तब्येत कशी आहे, आई जेवते का, पाऊस आहे का. पूर्वी ती मला काहीबाही विचारायची. आण्णा, हे झाड कसलं असेल, ही माती अशी का फुटते. ते विचारणं कधी बंद झालं हे मला नेमकं सांगता येणार नाही. एखादा झरा आटतो तेव्हा कुठं तारीख लिहून ठेवतो आपण?

आणि गेल्या पंधरवड्यात, म्हणजे माळावर खुंट्या पडायच्या थोडं आधी, तिचा चार वाजता फोन आला. "आण्णा, दुसरं एक घर बघताय? पुन्हा घ्यायचं म्हणतेय."

ह्यावेळी मागं गर्दी नव्हती. मी आणि सुमन, ओसरीवर. ज्योतीनं दार दाखवलं, तुळया दाखवल्या, न सांगता स्वतःच टिचकी मारून दाखवली. खिडकीतून डोंगर दाखवला. सुमननं चुलीचं विचारलं. हसणं झालं. अंगणातून फिरताना कोपऱ्यात एक दगडी काठ सरकन् निघून गेला.

"विहीर आहे का ती?" मी विचारलं.

"आहे."

"दाखव की."

"विहीर बघून झाली, आण्णा," ती शांतपणे म्हणाली. "तुम्ही कौलं बघा."

पन्नास वर्षांत मला विहिरीपासून कुणी दूर ठेवलं नव्हतं. आवाजात राग नव्हता. लहान मुलाच्या हातातून काच काढून घेताना जसा आवाज असतो, तसा होता. कानाच्या पाळ्या गरम झाल्या माझ्या. सुमन माझ्याकडं बघायला लागली. "दाखव, ज्योती," मी म्हणालो. "एकदा दाखव."

तिनं फोन आत धरला. पाणी बरंच वर होतं, चार हातांवर. कुणीही म्हणालं असतं, घे. पण मी भिंत पाहिली. पांढरे ओघळ वरून थेट पाण्यापर्यंत, थरावर थर. आणि पाण्याच्या रेघेवर घरटी, अर्धी बुडालेली, काटक्या तरंगताहेत. म्हणजे वर्षानुवर्षं ही विहीर तळापर्यंत कोरडी असते, पारवे खाली संसार थाटून बसतात, आणि यंदा तिकडं कधी नव्हे तो पाऊस झाला म्हणून त्यांची घरं बुडाली. ह्या पाण्यावर झाडं जगणार नाहीत.

आता काय करायचं? खरं सांगायचं तर पुन्हा तेच शब्द उच्चारावे लागणार होते. वरचं पाणी आहे, टिकायचं नाही, घेऊ नको. जसेच्या तसे. हे शब्द मी एकदा खोटे वापरून ठेवले होते. ते आता खरे म्हणून कोण घेणार? गप्प बसावं असंही वाटलं. पण गप्प बसलो तर ती ह्या कोरड्या विहिरीवर जन्म काढेल.

"ज्योती," मी म्हणालो, "आधी एक ऐक. त्या वेळची ती विहीर चांगली होती. तिला पाणी होतं. मी खोटं बोललो." सुमनचा हात तिच्या तोंडाशी गेला. तिलाही मी कधी सांगितलेलं नव्हतं.



"माहीत आहे," ज्योती म्हणाली. "सही करायच्या आधी मी शेजारच्या म्हातारीला विचारलं होतं. तुम्हीच शिकवलंय, बांधकऱ्याला विचारावं. ती म्हणाली, गाव भरलेलं होतं तेव्हा भर उन्हाळ्यात अर्धं गाव इथूनच पाणी न्यायचं."

"मग सोडलंस कावून गं?"

"तुम्ही पाण्याबद्दल खोटं बोलत होता, आण्णा. तुम्ही! मला वाटलं, घरी काहीतरी भयंकर झालंय आणि तुम्ही लपवताय. आई नाहीतर तुम्ही. रजा मिळताच पहिल्या विमानानं आले. आठ दिवस शोधलं, काही सापडेना. परत जाताना विमानात कळलं. कुणाला काहीच झालं नव्हतं. मी यावं एवढंच तुम्हाला पाहिजे होतं. परभणीचा फॉर्म मी भरला होता. ते घर बघत होते, आणि फॉर्मपण भरून ठेवला होता. कुठं पडायचं ते ठरत नव्हतं. तुम्ही नुसतं 'ये' म्हणाला असता तर मी आले असते."

सुमन उठून आत गेली. मी ओसरीवर फोन धरून बसलो. मी विद्यापीठाच्या जाहिरातीचा फोटो पाठवला, चार महिने वाट पाहिली, विहिरीच्या भिंती वाचल्या, खोटी साक्ष दिली, आणि एक अक्षर मला बोलता आलं नव्हतं. बापांना ते का बोलता येत नाही, ह्यावर मी गेले पंधरा दिवस विचार करतो आहे. आमच्या वडिलांनी रानात रेघ ओढली, पण भावाला 'बस, जेवून जा' म्हणाले नाहीत. आम्ही पाणी खरं सांगतो आणि बाकी सगळं गिळतो. मी तर पाणीही खरं सांगितलं नाही.

"आणि ही?" ज्योतीनं विचारलं. "ह्या विहिरीबद्दल आता काय सांगणार होता?"

"ही कोरडी आहे बाई. घरटी बघ. पाण्याच्या रेघेला."

फोन हलला. ती स्वतः वाकली असावी. बराच वेळ तिच्या श्वासाचा आवाज विहिरीत घुमत राहिला. "अर्धी बुडालीत," ती म्हणाली, आणि मग पुन्हा, "हो. अर्धी बुडालीत."

तो शब्द आत्ता माझ्या तोंडात होता. एकच अक्षर. आत्ता म्हटलं असतं तर कुणी अडवणारं नव्हतं. पण तिच्या मागं ऊन पडलं होतं, तिच्या मनगटाला माती लागली होती, आणि घराकडं बघताना तिचा चेहरा असा होता, की तो मी माझ्या ओसरीवर कधी पाहिलेला नाही.

"ही घेऊ नको," मी म्हणालो. "दुसरी बघ. तिकडंच बघ."